चौदा इंचांचा पीळ

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. बंदुकीची नळी आतून पुसायचा पोलादी गज. माझ्या एका टोकाला लाकडी मूठ आहे आणि दुसऱ्या टोकाला पितळेचे बारीक बोंड. त्या बोंडावर चिंधी अडकवतात आणि मला नळीत ढकलतात. चिंधी आत जाताना पांढरी असते, बाहेर येताना काळी. माझे बहुतेक आयुष्य या दोन रंगांत गेले. आता मी थकलो आहे. पण एका हिवाळ्याची गोष्ट माझ्यापाशी आहे, ती तुम्हाला सांगतो.

क्वीनबियन गावच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला लेथवर घासून सरळ केले. मूठ त्याने कुंपणाच्या जुन्या खांबाच्या लाकडातून काढली. मुठीच्या पोटात त्याने एक बेअरिंग बसवले. ते कशासाठी, हे सांगितले पाहिजे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात बारीक खाचा असतात आणि त्या दोरीच्या पिळासारख्या वळत जातात. या पिळामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते, आणि गरगरते म्हणूनच नाक पुढे ठेवून सरळ जाते. चिंधी घट्ट असली की मीही त्याच खाचांमधून वळत जातो. मूठ धरणाऱ्याचा हात स्थिर राहतो आणि मी आत सावकाश फिरतो. बंदुकीच्या मालकाला नळी बाहेरून माहीत असते. मला ती आतून माहीत असते.

माझा मालक क्लॅरी. निमिटाबेल गावाच्या वरच्या माळावर त्याच्या मेंढ्या आहेत. तिथे झाड म्हणून दिसत नाही आणि वारा म्हणून थांबत नाही. आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात, ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा. तेव्हा मेंढ्या वितात आणि त्याच दिवसांत कोल्हे येतात. मेंढी जुळ्यांपैकी दुसऱ्याला जन्म देत असते, तेवढ्यात कोल्हा पहिल्याला उचलतो. म्हणून क्लॅरीने ही लहान तोंडाची रायफल घेतली. तिच्या मापात दोनचा आकडा तीनदा येतो, म्हणून घरात तिला नुसते ‘ट्रिपल’ म्हणतात.

क्लॅरी काडतुसे घरीच भरायचा. उडवलेली पितळी नळकांडी तो गोळा करून आणायचा, धुवायचा, त्यांच्या बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायचा, तराजूवर दारू तोलायचा आणि वर गोळी दाबायचा. गोळी नेहमी पन्नास ग्रेनची. ग्रेन हे अगदी चिमुकले वजन आहे. पंधरा ग्रेन मिळून जेमतेम एक ग्रॅम होतो. त्या वर्षांत कागदावर पाडलेली त्याची भोके एका नाण्याखाली झाकली जात. शेजारी ते कागद मागून नेत आणि आपल्या पोरांना दाखवत. संध्याकाळी क्लॅरी मला नळीतून फिरवायचा, तेलाचा हात लावायचा आणि खुंटीवर आडवा टांगायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे खुंटी निखळली आणि मी दाराआडच्या कोपऱ्यात उभा राहू लागलो. एका उन्हाळ्यात क्लॅरीच्या बायकोने, थेल्माने, मला टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून रोवले. “तो गज आहे, बांबू नव्हे!” म्हणून क्लॅरी ओरडला. “मग वर्षभर कोपऱ्यात उभा राहून तो काय करतो? तुझ्यासारखा विचार?” असे म्हणून तिने मला उपटले आणि फडक्याने पुसले. राग तिच्या बोलण्यात असतो, हातात नसतो.

मग तो हिवाळा आला. एका सकाळी क्लॅरीने कोल्ह्यावर गोळी झाडली, वाऱ्याने ती ढकलली आणि ती कोल्ह्याच्या मागच्या पायाला लागली. कोल्हा फरपटत निघून गेला. क्लॅरी दुपारपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे लंगडत हिंडला. कोल्हा सापडला नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. नळी पुसताना त्याचा हात मला नीट ढकलतही नव्हता.

“मारायचं तर एका क्षणात मारावं,” तो म्हणाला. “असं अर्धवट कुणाला सोडू नये.”

पुढच्या रविवारी थेल्माचा भाऊ नेव्ह आला. त्याची बंदूक नवी होती. त्याने गोळ्यांची एक पेटी टेबलावर आपटली.

“हे घे. सत्तर ग्रेन. वारा कितीही आडवा येऊ दे, या ढिम्म हलत नाहीत.”

“माझ्या बंदुकीत चालतील?” क्लॅरीने विचारले.

“न चालायला काय झालं? जाडी तीच आहे. लांब आहेत जरा, एवढंच. तुझ्यासारख्या आखूड नि रागीट नाहीत.”

“नेव्ह, माझ्या घरचा चहा पिताना माझ्या नवऱ्याला बोलायचं नाही,” थेल्मा म्हणाली. “ते काम माझं आहे.”

नेव्ह खोटे बोलत नव्हता. त्याच्या बंदुकीत त्या गोळ्या खरोखरच छान जात होत्या. चहा झाल्यावर तो म्हणाला, “गज दे रे जरा. माझा गाडीत कुठंतरी कुत्र्याखाली आहे.” आणि मित्रांनो, मी पहिल्यांदाच परक्या नळीत शिरलो. काय सांगू! मला गरगरले. चिंधी आत गेली न गेली तोच मी एक वेढा पुरा केला, मग दुसरा.

“अगबाई, कसा भोवऱ्यासारखा फिरतोय बघा!” थेल्मा हसली. ती लोकर कातते. फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की तिची नजर तिथे अडकते. मला ओरडून सांगावेसे वाटले, की या नळीचा पीळ आमच्या नळीपेक्षा फार दाट आहे. पण गजाला तोंड नसते.

क्लॅरीने सत्तर ग्रेनच्या गोळ्या भरल्या. सफरचंदांच्या खोक्यावर कागद टाचून तो बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने कोट काढला नाही, बूटही काढले नाहीत. कागद टेबलावर ठेवून तो तसाच बसला.

“हे काय?” थेल्मा म्हणाली. “ही भोकं अशी लांबुडकी कशी?”

“एकही गोल नाही. गोळ्या आडव्या होऊन लागल्यात. आणि कुठंही लागल्यात. दोन तर खोक्यालासुद्धा लागल्या नाहीत.”

“गोळ्या वाईट असतील.”

“नेव्हकडं याच गोळ्या सुतासारख्या सरळ जातात. नळी झिजली, थेल्मा. नाहीतर माझे डोळे गेले. बहुतेक दोन्ही.” बराच वेळ तो टोपी हातात फिरवत राहिला. “कूमा गावातल्या दुकानात देऊन टाकतो ही बंदूक. आणि मेंढ्यांचंही बघू. राखता येत नसतील तर ठेवायच्या कशाला?”

क्लॅरीने त्या माळावर सबंध आयुष्य काढले होते. मेंढ्या गेल्यावर तो सकाळी उठून कुठे जाणार, हे थेल्माला विचारावेसे वाटले असणार. ती एवढेच म्हणाली, “देशील तेव्हा दे. पण घाणेरडी बंदूक दुकानात जाणार नाही. नाहीतर थेल्माच्या घरात चिंधीही मिळत नाही, असं लोक म्हणायचे.”

दुसऱ्या दिवशी तिने मला हाती घेतले. मी आत निघालो, नेहमीसारखा, आमच्या ओळखीच्या संथ वळणाने. अर्ध्यावर तिचा हात थांबला. तिने मला मागे ओढले. पुन्हा ढकलले. पुन्हा थांबली.

“क्लॅरी, इकडं ये. हा गज आज आळशी का झालाय?”

“गज तोच आहे. आळशी मी झालोय.”

“तसं नव्हे. नेव्हच्या नळीत हा कसा गरागरा फिरत होता! यात बघ.”

मेंढ्यांवर खुणा करायचा निळा खडू तिने खिडकीतून घेतला आणि माझ्या पाठीवर मुठीजवळ एक रेघ ओढली. रेघ बरोबर वर आणली आणि मला हळूहळू ढकलू लागली. रेघ कडेला गेली, खाली गेली, दुसऱ्या कडेने पुन्हा वर आली. एक वेढा झाला. तेवढ्या वेळात मी किती आत गेलो, ते तिने शिवणाच्या टेपने मोजले. चौदा इंच. तिचा विश्वास बसला नाही. तिने पुन्हा मोजले. चौदाच.

तिने नेव्हला फोन लावला. “तुझ्या बंदुकीत एक वेढा किती इंचांत होतो?”

नेव्हचा आवाज फोनबाहेरही ऐकू यायचा. “मला काय माहीत? मी बंदूक झाडतो, तिचं पोट फाडत नाही!”

“मग आज फाड. कुत्र्याखालचा गज काढ नि मोज.”

थोड्या वेळाने त्याने उत्तर दिले. आठ इंच.

क्लॅरी खुर्ची ओढून जवळ आला. थेल्माने पन्नास ग्रेनची एक आणि सत्तर ग्रेनची एक गोळी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. जाडी तंतोतंत सारखी. जास्तीचे सगळे वजन लांबीत गेले होते. कितीतरी वर्षे काडतुसे भरणारा क्लॅरी त्या दोघींकडे पाहत राहिला. त्याला कधी दुसरे वजन लागलेच नव्हते, म्हणून हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

“जेवढी लांब गोळी, तेवढी जास्त फिरकी लागते,” तो हळूच म्हणाला. “फिरकी कमी पडली की डुलते आणि कोलमडते.”

“मग नळी झिजलेली नाही ना?”

“नाही. तिला एवढी लांब गोळी पेलतच नाही. कधीच पेलली नसती. नवी होती तेव्हासुद्धा.”

डब्यात पन्नास ग्रेनची काही काडतुसे उरली होती. ती घेऊन तो बाहेर गेला. या वेळी थेल्माही गेली. परत आल्यावर तिने कागद माझ्याशेजारी भिंतीला टाचला, म्हणून मला तो पाहता आला. सगळी भोके गोल होती. सगळी चहाच्या कपाखाली झाकली जातील अशी. नाण्याखाली नव्हे, पण डोळे गेलेल्या माणसाची खासच नव्हेत.

तुम्हाला वाटेल, आता क्लॅरी हसला असेल. तो हसला नाही.

“मग तो कोल्हा?” तो म्हणाला. “तो तर पन्नासच्याच गोळीनं लंगडा झाला. वारा आहे तिथंच आहे.”

थेल्मा पावाचे पीठ मळत होती. मान वर न करता तिने विचारले, “त्या कोल्ह्यावर तू गोळी कुठून झाडलीस?”

“फाटकावरून.”

“आणि पूर्वी कुठून झाडायचास?”

“ओढ्याकाठच्या खडकांवरून.”

“फाटक किती लांब पडतं! मग तिथून का?”

भिंतीवरच्या कागदाकडे पाहत क्लॅरीने दोन्ही तळवे मांड्यांवरून पुढे नेले आणि गुडघ्यांवर ठेवले.

“केव्हापासून?” थेल्माने विचारले. तिचा आवाज बदलला होता.

“दोन हिवाळे झाले. त्या दगडांतून उतरताना पाय साथ देत नाहीत. तुला सांगून काय होणार होतं?”

तेव्हा मला कळले, मित्रांनो. वाऱ्याने ढकललेली गोळी जवळून मारली तर फार ढळत नाही. क्लॅरी हे दोन हिवाळे थोडा थोडा मागे सरकत आला होता. जे काम त्याचे पाय करायचे, ते तो गोळीच्या वजनाकडून करून घेऊ पाहत होता.

थेल्माने हात धुतले. “खडकांपर्यंत मी जाईन.”

“तू?”

“माझाही परवाना आहे, आणि दर वर्षी पोस्टात रांगेत उभी राहून तो नवा करते. लहानपणी जास्त ससे कोण आणायचं, ते नेव्हला विचार. विचारलंस तर दोन दिवस बोलणार नाही तुझ्याशी.”

क्लॅरीने नवी काडतुसे भरली, पन्नास ग्रेनची. एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला. प्रत्येक गोळी तराजूवर ठेवली आणि काटा पूर्ण थांबेपर्यंत श्वास रोखून बसला. मग थेल्माला सांगत राहिला: उजाडताना वारा पडलेला असतो, तेव्हाच जा. कोल्हा चालत असेल तर थांब. खात्री नसेल तर मारू नकोस, परत ये.

“क्लॅरी, मी कोल्ह्याकडं निघालेय, लढाईवर नाही.”

पहाटे माळ गोठलेल्या दवाने पांढरा होता. ती गेली. क्लॅरी स्वयंपाकघरात बसला. पुढ्यातला चहा त्याने घेतला नाही. खिडकी उजळत गेली. मग एक आवाज आला. एकच. तो उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून दुसऱ्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला. दुसरा आवाज म्हणजे पहिली गोळी चुकली. दुसरा आवाज आला नाही. पण आवाज आला नाही म्हणून कोल्हा फरपटत गेला नसेलच, असेही नाही.

थेल्मा आली तेव्हा तिचे बूट चिखलाने भरले होते.

“पळाला?” क्लॅरीने विचारले.

“नाही. जागेवरच. त्याला कळलंसुद्धा नसेल.” ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. “जुळ्यांतलं एक त्यानं आधीच नेलं होतं. दुसरं आईला चिकटून उभं आहे. पितंय.”

क्लॅरीने तिच्या शेजारची बंदूक घेतली, मला उचलले आणि चिंधी लावली. आत एकाच गोळीची काजळी होती. कूमाच्या दुकानाचे नाव पुन्हा निघाले नाही. सत्तर ग्रेनची पेटी नेव्ह परत घेऊन गेला. त्या गोळ्यांत काही खोट नव्हती. त्याच्या नळीत त्या आजही सरळ जातात.

मित्रांनो, आता मी फार काही मागत नाही. माझे काम झाले की मला पुसून तेलाचा हात लावा. भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, मी वाकतो, आडवा ठेवा. आणि एखादी जुनी वस्तू किंवा जुने माणूस चुकू लागले, तर ‘झिजले’ म्हणून दुकानात पाठवायची घाई करू नका. त्याच्यावर कोणते ओझे घातले आहे आणि त्याला किती पेलते, ते आधी मोजा. मोजूनही चूक सापडली नाही, तर शेजारी बसा आणि विचारा. क्लॅरीला कुणी विचारायला दोन हिवाळे लागले.