फ्यूजच्या जागी कुंपणाची तार

आमच्या भागात कुंपणाच्या तारेनं काय वाटेल ते दुरुस्त होतं. फाटक, बादलीची कडी, चष्म्याची काडी. माझ्या नवऱ्यानं, क्लॅरीनं, एकदा माझ्या चपलेचा पट्टा तारेनं बांधून दिला आणि वर म्हणाला, "आता ही तुझ्यापेक्षा जास्त टिकेल." तेव्हा मी हसले होते.

संध्याकाळी नोएलीन तिच्या घरून, दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर एकेका घराची हजेरी घेते. शेजार म्हणजे दोन-दोन तासांवरची घरं, तेव्हा माणूस जिवंत आहे हे असंच कळतं. क्लॅरी गुरांच्या पाण्यासाठी लांबच्या बोअरवर गेला की त्याचं नाव पुकारलं जायचं आणि पुढे नुसती खरखर. माझा जीव टांगणीला लागायचा. शेवटी मी भुणभुण लावून त्याला गाडीतल्या रेडिओसाठी अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला लावला, आवाज घरापर्यंत पोचावा म्हणून.

वायर त्यानंच टाकली. थेट बॅटरीपासून, बॅटरीजवळ फ्यूज, इतपत सगळं बरोबर. पण इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली, तिथं रबरी रिंग हवी होती. नाहीतर पत्र्याची धार वायर कापते.

"शहरात गेलो की आणीन," म्हणाला.

शहर दिवसभराच्या वाटेवर. आमचे रस्ते हाडं खिळखिळी करणारे. महिन्याभरात फ्यूज उडायला लागले.

"वायर घासतेय कुठंतरी," मी म्हटलं. "फ्यूज उगाच उडत नाही."

"फ्यूजच भिकार आहेत. तू तुझा पाव भाज, बाई."

शेवटचा फ्यूज उडाला तेव्हा त्यानं तारेचा तुकडा दुहेरी पिळून त्या जागी बसवला. "ही उडते का बघ." मी कपाळाला हात लावला.

ऐन उन्हाळ्यात तो बोअरवर जायला निघाला. संध्याकाळी नोएलीननं नाव घेतलं आणि क्लॅरीचा आवाज इतका स्वच्छ आला, जणू न्हाणीघरातून बोलतोय.

"एव्हिस, ऐकू येतंय ना? उद्या सकाळी बोअरवर पोचतो. आता तरी तोंड बंद ठेवशील?"

सगळी हसली. "तिचं नाही व्हायचं बंद," मर्व्ह मधेच बोलला. मर्व्ह आमचा शेजारी, त्याच्याही गाडीत तसलाच अ‍ॅम्प्लिफायर.

"थांबा जरा," क्लॅरी म्हणाला. "कसला तरी वास येतोय."

नंतर काही नाही. मी हाका मारत राहिले, मग नोएलीन, मग मर्व्ह. मर्व्ह त्याच रात्री गाडी घेऊन निघाला.

गाडी सापडली ती जळून कोळसा झालेली. गाडीखाली सुकं गवत अडकलं होतं, वायर तापून त्यानं पेट घेतला असणार. पाण्याचा कॅन गाडीतच होता, तोही गेला. क्लॅरी पायी बोअरकडे निघाला होता. बोअरची पवनचक्की दिसते तिथवर पोचून उन्हानं कोसळला होता बिचारा.

मर्व्ह माझ्या स्वयंपाकघरात बसून लहान पोरासारखा रडला. "सगळं जळलंय, एव्हिस," म्हणाला, "ती तार मात्र तशीच आहे." मला रडू आलं नाही. मला मेलेल्या माणसाचा संताप आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना.

दफनानंतर सगळे अंगणात चहा पीत उभे होते. मी सरळ मर्व्हच्या गाडीपाशी गेले आणि बॉनेट उघडलं. बॅटरीजवळ कुंपणाची तार, दुहेरी पिळलेली. सगळ्यांदेखत मी ती उपटून काढली.

"दुसरा फ्यूज आहे का तुझ्याकडे?"

"नाही," मर्व्ह खाली बघत म्हणाला. "शहरात गेलो की आणीन."

"मग तोवर अ‍ॅम्प्लिफायर बंद, गप्प बस. समजलं?"

"समजलं, एव्हिस." त्यानं मला जवळ घेतलं. त्याला खरंच समजलं होतं, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

सगळे गेले. कप विसळले, तार चुलीत टाकली आणि सवयीनं रेडिओ लावला. नोएलीननं हजेरी घेतली. आमच्या घराशी थोडी अडखळली, माझ्या एकटीचं नाव घेतलं. मी "आहे" म्हटलं. मग तिनं मर्व्हला पुकारलं.

"अजून वाटेतच आहे," मर्व्ह म्हणाला. "तासाभरात पोचेन."

आवाज अगदी खणखणीत येत होता.