आत्याची गोधडी

कान्हाचं अंथरूण कोरडं करण्यात गोदाचा फायदा होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. लक्ष्मीवहिनीने उघडच सांगितलं होतं, "माझ्या पोराची सवय मोडलीत ना गोदाताई, तर बाळकुमच्या मावशीकडे तुमच्या लग्नाचा विषय मी काढते."

बाळकुमची मावशी म्हणजे दगडाबाई. तिचा मुलगा पंढरी वागळे इस्टेटमध्ये फिटर. वहिनीच्या भावाच्या हळदीत बर्फाची लादी खांद्यावरून नेता नेता त्याने गोदाला विचारलं होतं, "तुमच्या डोंबिवलीला पानी तरी येतं का?" एवढंच. गोदाने त्या एका प्रश्नावर वर्ष काढलं होतं.

वहिनीचा फायदा अर्थात मोठा होता. रात्रीची झोप, सकाळचं धुणं आणि बिल्डिंगमधल्या बायकांसमोरचं नाक.

बिल्डिंग उभी होती ती त्यांच्याच शेतावर. दामाजीने, गोदाच्या बापाने, जमीन बिल्डरला देऊन वरच्या मजल्यावर दोन ब्लॉक घेतले होते. सात वर्षांचा नातू त्या ब्लॉकमध्ये रोज अंथरूण ओलं करायचा, आणि वहिनीचा इलाज एकच: ओली गोधडी पोराच्या हातात देऊन त्याला गॅलरीत उभं करायचं. खाली शाळेला निघालेली पोरं ओरडायची, "नळ आला रे, बादल्या लावा!"

गोदाने आधी गॅलरी बंद केली.

"गच्चीवर वाळत घालू, टाकीच्या मागे. तिकडे कुत्रं पण फिरकत नाही."

"आणि कोणी बघितली तर?"

"तर सांगायचं, आत्याची आहे."

"पण खोटं?"

"अरे, मी झोपते ना तुझ्याजवळ? मग अर्धी माझीच झाली की." कान्हा कितीतरी दिवसांनी हसला. तिने ते वाक्य त्याच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

मग संध्याकाळचा पेलाभर चहा बंद झाला, पाणी दिवसा भरपूर आणि रात्री घोटभर. हळूहळू पोराने खरं सांगितलं. त्याला जाग यायची, पण संडासाकडचा अंधारा बोळ ओलांडायची भीती वाटायची. गोदाने बोळातला दिवा रात्रभर चालू ठेवला. "लाइट काय फुकट येते?" दामाजी कुरकुरला. शेत देताना इतका विचार त्याने केला नव्हता.

गोधडी एक दिवस कोरडी राहिली, मग दुसऱ्या दिवशी, मग सगळ्यांना त्याची सवय झाली. वहिनी शब्दाला जागली. बाळकुमला निरोप गेला आणि दगडाबाई रविवारी येते म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी मात्र वहिनीला राहवलं नाही. "उद्या पाहुणे येतायत. आज काही केलंस ना कान्हा, तर त्यांच्यासमोर उभा करीन."

सकाळी गोधडी ओली. गोदाने ती गुंडाळून उचलली. धुवायला वेळ नव्हता, तशीच टाकीच्या मागे टाकून आली.

दगडाबाईला सगळं पसंत पडलं. तांदळाची भाकरी, गोदाची उंची, तिचं कमी बोलणं. गोष्ट सुपारीपर्यंत आली आणि दामाजी उठला. "चला, गच्चीवर चला." जमीन विकलेल्या माणसाची ही खोड. पाहुणा आला की त्याला वर नेऊन गेलेलं शेत दाखवायचं. समोरच्या बाजूला आता नुसत्या भिंती, म्हणून तो सगळ्यांना टाकीच्या मागे घेऊन गेला. तिथून अजून थोडं हिरवं दिसायचं.

"त्या नारलापावत आपला शेत व्हता," दामाजीने बोट केलं.

दगडाबाईला नारळ दिसण्याआधी वास आला. तिने गोधडीला हात लावला. "ही कोनाची गं?"

कान्हा पुढे आला, शाळेत कविता म्हणतात तसा ताठ उभा राहिला. "आत्याची आहे." आणि बरोबर उत्तर दिलेल्या पोरासारखा गोदाकडे बघून हसला.

दगडाबाईने गोदाला खालून वर बघितलं. "येवढी मोठी पोरगी?"

गोदाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पदर सावरला. "चला मावशी, च्या थंड होतो." दामाजीचं बोट अजून नारळावरच होतं. गोदाला स्वतःला तोंड होतं, पण ते उघडायचं म्हणजे पोराला पुन्हा त्या गॅलरीत उभं करायचं.

पाहुणे सुपारी न फोडताच गेल्यावर तिने विचारलं, "वहिनी, एक शब्द तरी?"

"अहो, मुलगा आहे तो. जन्मभर गावकी चिडवेल त्याला. तुमचं काय, कुठे ना कुठे जमेलच."

जमलं. पण दगडाबाईच्या तोंडून ती गोधडी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोयऱ्यांत फिरून आली, तोवर गोदाची तिशी उलटली होती. कल्याण खाडीकडचा एक बिजवर आला. त्याचं धाकटं पोर अंथरूण ओलं करायचं. तेव्हा कुठे वहिनीला खरं आठवलं. "आमच्या गोदाताईंच्या हाताला गुण आहे हो," ती त्याला कौतुकाने म्हणाली, "माझ्या कान्हाला त्यांनीच बरं केलं."

कान्हाला कोरडं अंथरूण मिळालं, वहिनीला झोप, दगडाबाईला निर्दोष सून, बिजवराला फुकटचं औषध. किंमत एकटीने मोजली, आणि लग्नात आत्याचा हात धरून सगळ्यांत जास्त रडला तो कान्हाच. का रडतो, ते त्यालाही सांगता येईना.