सालीचं घमेलं

मित्रांनो, वणीच्या कोळशाच्या रस्त्याला लागून मलिकाबींचं अंगण आहे. तिथल्या खुंट्याला बांधलेली मी एक म्हातारी शेळी आहे. जन्म इथलाच. तरुणपणी मी भांडं भरून दूध द्यायची आणि गल्लीतल्या बायका माझं कौतुक करायच्या. पुढे ट्रक वाढले, पाल्यावर काळी धूळ बसू लागली. मी खोकू लागले, तसं कौतुकही आटलं. माझी लेक चिंगी तर जन्मल्यापासून खोकायची. ही हिवाळा काढेल की नाही, या काळजीनं मला चारा गोड लागेना.

मग जनावरांची डॉक्टरकी शिकणारी सलोनी आली. संत्र्याच्या सालीतलं एक कडवट द्रव्य पोटात गेलं, तर जनावराच्या फुफ्फुसांची रोगाशी लढायची ताकद वाढते का, हे तिला पाहायचं होतं. तिनं अंगणातल्या निम्म्या शेळ्यांना लाल दोरा बांधला, निम्म्यांना निळा. लाल दोऱ्याला घमेल्यातल्या सरकीच्या ढेपेत सालीची भुकटी, निळ्याला नुसती ढेप. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मला लाल आला, चिंगीला निळा. खोकते ती जास्त आणि साल मला! हा कुठला न्याय, काही कळेना.

थंडी सरली तेव्हा आम्ही सगळ्याच कमी खोकत होतो. सलोनी चक्रावली. मलिकाबी खाली मान घालून म्हणाल्या, "बेटा, एका दावणीत एकीले देऊ न् दुसरीले नाही, हे मले नाही जमलं. मी सगळ्याइले साल टाकत गेली."

सलोनी बाजेवर बसली. "चाची, मंग गुण सालीचा का थंडी गेल्याचा, कसं समजन? गावोगाव शेळ्या खोकून राह्यल्या. त्याइच्यासाठी पाहून राह्यली होती मी."

मला मलिकाबींची माया पटली. सलोनीचं म्हणणंही पटलं. दोन्ही पटल्यावर डोकं आणखीच फिरलं.

आता सलोनीनं नव्यानं दोरे बांधलेत. पुन्हा मला लाल, चिंगीला निळा. ढेप सलोनीच घालते आणि मलिकाबी तोंड फिरवून बसतात. परवापासून चिंगी पुन्हा खोकते आहे. साल मिळायची बंद झाली म्हणून की ट्रक वाढले म्हणून, कोण जाणे.

मित्रांनो, मुक्या जिवांची काळजी घ्या, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण साऱ्यांची काळजी घ्यायची तर आपल्या एकीला तसंच ठेवायचं का, हे मला कोणी समजावून सांगेल का?

आज सकाळी सलोनी पाठमोरी झाली, तेव्हा मी माझं घमेलं डोक्यानं चिंगीकडे ढकललं. बरं केलं की वाईट, मला ठाऊक नाही. चिंगीनं ते चाटूनपुसून खाल्लं.