चुलीपाशी

मैनाबाईनं निकिताला जेवणाच्या रांगेतून उठवलं, त्या वर्षी तिच्या घरी पहिला नातू झाला होता. म्हणजे २००५ साल. केळापूरच्या पलीकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मैनाबाई पोरांची खिचडी शिजवायची.

"अवो आजी, हिले तिकडं बसवा नं," सहावीतला अमर रांगेतून म्हणाला. "हिचा हात लागला तं खिचडीबी बोगस होते."

पोरं हसली. निकिता ताटलीकडे बघत राहिली.

निकिताचा बाप चंपत पांढरकवड्याच्या एका दुकानातून गावाला कपाशीचं बियाणं आणून द्यायचा. त्या मृगात त्यानं आणलेली पाकिटं वीस-बावीस घरांनी पेरली, बियाणं बोगस निघालं आणि वावरं उघडीच राहिली. दुकानदारानं हात वर केले. चंपतच्या स्वतःच्या वावरातही तेच बियाणं होतं, पण ते कोणी ध्यानात घेतलं नाही. ओट्यावर बसणारी माणसं त्याला मागून 'बोगस' म्हणू लागली. आठ दिवसांत ते नाव शाळेत पोचलं आणि त्याच्या सहावीतल्या पोरीला चिकटलं.

मुख्याध्यापक कमलाकर गुरुजी यवतमाळहून बसनं येत. भला माणूस. त्यांनी परिपाठाला सगळ्यांना उभं केलं आणि एका सुरात म्हणवून घेतलं, 'निकिता आमची बहीण आहे.' दुपारपासून पोरं तिला 'बोगस बहीण' म्हणू लागली.

म्हणून त्या दिवशी मैनाबाई म्हणाली, "चाल बाई, तू माह्यापाशी बस."

चुलीच्या बाजूला तिनं पोतं अंथरलं. डावभर जास्त वाढलं. रांगेतली पोरं सरकली आणि निकिताची जागा भरून गेली. गुरुजी येऊन बघून गेले. "बरं केलंत मैनाबाई. कटकट मिटली."

खरंच मिटली. निकिता रोज येई, पोत्यावर बसे, जाळाकडे बघत जेवे, ताटली धुऊन ठेवे. कोणी तिला काही म्हणत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही.

आठवडाभर वाट बघून मैनाबाई तिच्या घरी गेली. निकिता वेचणीला निघाली होती, शेजारच्या गावच्या वावरात. कापूस टाकायचं फडकं कमरेला बांधत होती. तिची माय तानाबाई भाकरी बांधून देत होती.

"शाळेत काहून येऊन नाही राह्यली वं?"

"येऊन काय करू?"

"माह्यापाशी बसतं नं तू. तिथं कोणी बोलते का तुले?"

"नाही. कोणीच बोलत नाही." निकितानं फडक्याची गाठ ओढली. "चिडवे तं अमर. मले काहून उठवलं?"

मैनाबाई उंबऱ्यावर टेकली.

"तुमचंबी उगवलं नव्हतं. म्हणून का?"

"गुमान राय वं," तानाबाई म्हणाली. "मोठ्या माणसाले असं बोलते?"

"बोलू दे तिले," मैनाबाई म्हणाली.

परतताना मैनाबाई आठवत राहिली. तिच्या दोन एकरांत तेच बियाणं पडलं होतं, हे खरं. पोरीची दया आली होती, हेही खरं. पण अमर बोलला तेव्हा तिला हसू आलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती पातेल्याकडे वळली होती. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, अमरले उठवाले पाहिजे होतं."

"आता ती पोरगी येतच नाही, मैनाबाई. आता कशाला?"

त्या दुपारी तिनं अमरला पोत्यावर बसवलं.

"म्या काय केलं?"

"जेव गुमान."

तिसऱ्या दिवशी अमरचा बाप शाळेत आला. "माह्या पोराले वाळीत टाकून राह्यली का वं बुढे?"

"पोरगी दिवाळीलोक इथंच बसे," मैनाबाई म्हणाली. "तवा तं कोणी नाही आलं बाप्पा."

गुरुजींनी अमरला रांगेत परत बसवलं.

मैनाबाई आणखी दोनदा निकिताकडे गेली. दुसऱ्यांदा तानाबाईदेखत म्हणाली, "बाई, चुकलं माह्यं. आता रांगेत बसवतो तुले. बाजूले मी बसतो." निकिता "हं" म्हणाली आणि कापसाचं गाठोडं उचलून आत गेली. फाल्गुनात गुरुजींनी तिचं नाव हजेरीतून कमी केलं.

मैनाबाई पुढंही खिचडी शिजवत राहिली. कोणी कोणाला चिडवलं की ती स्वतःची ताटली घेऊन रांगेत जाऊन बसे, ज्याला चिडवलं त्याच्या बाजूला. गुडघे दुखत, उठताना पोरांचा हात धरावा लागे. कोणाला तिनं पुन्हा उठवलं नाही.

निकिताचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, झरीकडच्या एका गावात. २०१० च्या मार्गशीर्षात, पहिल्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं.