अडकवलेलं कुलूप

शिलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या ‘तिखट’ म्हणत. तरुणपणी पाणी प्यायलाही उठू देत नाहीत म्हणून तिने सगळ्या मशिनी बंद पाडल्या होत्या आणि मालकाला तोंडावर सुनावलं होतं. पुढे संसार वाढला, केस पिकले आणि मालकाने तिला मुकादम केलं. तिखटाला गोड कसं करायचं, हे मालकांना शिकवावं लागत नाही.

मुकादमकीबरोबर मागच्या दाराची किल्ली आली. कापड चोरीला जातं म्हणून मालकसाहेबांचा हुकूम होता, कामाच्या वेळात दाराला कुलूप हवं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याने मात्र हात जोडले. “आत्ता कुठे बरे दिवस आलेत. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

मग तिने तोड काढली. सकाळी कडीत कुलूप नुसतं अडकवायचं, दाबायचं नाही. साहेबांना लांबून कुलूप दिसायचं आणि वेळ आलीच तर दार एका हिसक्यात उघडलं असतं. साप मरावा आणि काठीही मोडू नये. बायकांच्या तोंडून गोष्ट फुटायला वेळ लागत नाही, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. आपण अजून बदललेलो नाही, या समाधानात ती झोपायची.

एके दुपारी इस्त्रीच्या टेबलाखालची वायर जळाली आणि धुराचा लोट उठला. सगळ्या बायका पुढच्या अरुंद दाराकडे धावल्या. ती मागे कुलूप काढून ओरडत होती, “इकडे या, उघडं आहे.” एकीनेही वळून पाहिलं नाही. आग लगेच विझली, पण त्या चेंगराचेंगरीत काजं करणाऱ्या तिच्या जुन्या मैत्रिणीचा हात मोडला.

संध्याकाळी तिने मैत्रिणीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. मैत्रिणीने प्लास्टरमधला हात उशीवर टेकवला.

“मला रोज ते कुलूपच दिसायचं गं,” ती म्हणाली. “तुझ्या मनात दार उघडं होतं. आमच्यासाठी बंदच होतं.”

तिला स्वतःची लाज वाटली, अशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, “उद्यापासून दार उघडं राहणार.” त्याचा घास हातातच राहिला.

“मला भीती वाटते,” तो म्हणाला.

“मलाही.”

सकाळी तिने कुलूप साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग मागचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात स्टूल टाकून बसली. साहेब नवं कुलूप घेऊन आले.

“उठा.”

“नाही उठत.”

“घरी बसावं लागेल. या वयात कोण काम देणार तुम्हाला?”

“कोणी नाही देणार,” ती म्हणाली. “पण मी असेपर्यंत हे दार लागणार नाही.”

एकेक करून मशिनी थांबल्या. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिचे गुडघे थरथरत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. या वेळी तिने काही लपवलं नाही.