‘पाठवजो’ संपले आहेत

हायवेवरच्या जाम गावातल्या एका ढाब्याची वेबसाइट दुपारी बाराला सुरू व्हायची होती, आणि लीनाचा पार्सर साडेअकरालाही अडून बसला होता. गिऱ्हाइकानं लिहिलेलं वाक्य फोडून त्यातली ऑर्डर ओळखायची, एवढंच त्याचं काम. तिनं ‘दोन चहा पाठवजो’ लिहिलं, तर त्यानं ‘पाठवजो’ला खाण्याचा पदार्थ ठरवून नम्रपणे कळवलं: पाठवजो संपले आहेत.

“बाबा, तुमच्याच व्याकरणाचे नियम घातले न मी याले!”

तिचे बाबा, मराठीचे निवृत्त शिक्षक अच्युत सर, चष्मा सावरत आले. पडद्यावर कर्म, क्रियापद अशा फांद्या फुटलेलं वाक्य पाहून ते हरखलेच. “अगं, हे तर वाक्यपृथक्करण! बत्तीस वर्षं पोरं यावर जांभया देत होती!”

“मंग ‘जो’ले आज्ञार्थ मानू का?”

सरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. ‘पाठव’ला ‘पाठवजो’ करणाऱ्या बोलीतल्या या ‘जो’ला त्यांनी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत चूक म्हणून लाल शाईनं खोडलं होतं.

“मान,” ते अखेर म्हणाले.

लीनानं नियम जोडला आणि दोन चहा धाडकन ऑर्डरीत पडले. लीना टाळ्या पिटत होती, तोवर सर कपाटाकडे धावले नि ‘विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका’ ही जाडजूड वही घेऊन आले.

“घे! सगळे नियम तयार आहेत.”