तांबूला परदेशी नेणारी पेटी

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो. येणारेजाणारे मला खुराडं म्हणतात, कारण नवसीच्या कोंबड्या माझ्यात निजतात. पण मला घडवलं ते कोंबड्यांसाठी नव्हे. मला बोटीतून परदेशी जायचं होतं.

साठीचं दशक सरत आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि परदेशी साहेबांचे बंगले उभे राहिले होते. मांगेल आळीतली नवसी मासळी सुकवायची आणि एका बंगल्यात धुणीभांडीही करायची. तिच्या अंगणात जन्मलेलं कुत्र्याचं तांबूस पिल्लू तिथल्या मडमेला आवडलं. नवसीने ते देऊन टाकलं. तोच तांबू. मडमेने त्याला इतकं लाडावलं की पुढे तो बोंबलाला नाक मुरडू लागला!

साहेबाचं काम संपलं, तो आणि मडम मायदेशी निघाले, तशी नवसीला तांबूची काळजी लागली. बंगल्यांभोवती फिरणाऱ्या बेवारशी कुत्र्यांना एका कंत्राटदाराची माणसं विषाचे लाडू घालत. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बाई, त्याला तुमच्याबरोबर न्या," ती मडमेच्या पाठीस लागली. "इथं ऱ्हायला तर मरेल तो."

मडम तयार झाली. पण त्यांच्या देशात कुत्रं न्यायचं तर नियम कडक. कुत्रं पिसाळू नये म्हणून लस हवी, डॉक्टरचा दाखला हवा, अंगावर रोग दिसता कामा नये आणि प्रवासाला मजबूत पेटी हवी. लस झाली, दाखला झाला. पेटीचं काम नवसीने आपल्या भावाला, गोमाला सांगितलं. गोमा होड्या बांधणारा. उरलेल्या फळ्या जोडून त्याने मला उभं केलं, हवेसाठी समोर गज ठेवले. मग नव्या होडीला देतात तसा मुशी माशाच्या तेलाचा जाड हात माझ्या आतबाहेर दिला.

"खारं पाणी लागलं तरी हिला काय व्हायचं नाय," तो म्हणाला.

"दादा, माझ्या लेकराला होडीच बांधलीस तू!" नवसी म्हणाली. मी फुलून गेले होते, खोटं कशाला बोलू?

सवय व्हावी म्हणून तांबूला माझ्यात निजवू लागले. तेल अजून सुकलं नव्हतं. आधी त्याचे केस चिकटले, मग तो अंग खाजवू लागला. मडम सामानाच्या बांधाबांधीत. नवसीला वाटलं, जागा नवी आहे, बिचारा बावरला असेल. मला सगळं कळत होतं, पण पेटीचं कोण ऐकतं?

मुंबईच्या गोदीत तपासणीच्या डॉक्टरांनी तांबूला बाहेर काढलं. पोटावर लाल चट्टे, जागोजागी केस गेलेले.

"खरूज दिसते. हा जाऊ शकत नाही."

"साहेब, खरूज नाय ती! तेल हाय, होडीचं तेल!" तांबूला पोचवायला आलेली नवसी कळवळली.

"असेलही. बरा झाला की पुढच्या बोटीने पाठवा."

नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. रोगट जनावर आपल्या गावात तरी कोण घेईल? मडम खूप रडली. पण बोट काही तिने चुकवली नाही. पुढच्या बोटीचं बघते, असं सांगून ती शिडी चढली आणि पुन्हा तिच्याकडून चकार शब्द आला नाही.

नवसीने तांबूला घरी आणलं, खोबरेल लावून बरं केलं. पण तिच्या घरात त्याचा जीव रमेना. दोरी सुटली की तो थेट बंद बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसे. एके सकाळी तो तिथेच सापडला. तोंडाला फेस, पाय ताठ. नवसीने त्याला पदरात गुंडाळून आणलं.

गोमा कुऱ्हाड घेऊन मला फोडायला आला. "मीच मारला त्याला," म्हणाला.

नवसी आडवी आली. "दादा, तू माया केलीस रे. फक्त त्याला काय सोसतं, ते आपण कुणी बघितलं नाय."

गोमा तिथेच मातीत बसून रडला.

मित्रांनो, मला राग येतो तो तेलाचा नाही, गोदीतल्या डॉक्टरांचाही नाही. मुक्या जीवाला तुम्ही खुशाल लळा लावा. पण त्याच्यासाठी आपली बोट चुकवायची तयारी असेल, तरच लावा.